नकोशा युद्धाचे कैदी

नागपूरहून भंडाऱ्याच्या बाजूला निघालं की तुमसर रोड स्टेशनावरून रेल्वेची एक शाखा उत्तरेकडे फुटते. तिच्यावर तिरोडी लागतं. गाव मॅंगनीजच्या खाणीचं. जिल्हा बालाघाट, राज्य मध्य प्रदेश. पण खाण मॉयल या सरकारी कंपनीची आणि मॉयलची मुख्य कचेरी नागपुरात. १९५६ पर्यंत तर नागपूर हीच त्या मुलुखाची राजधानी होती. राज्याची हद्द मध्ये पडली तरी तिरोडी आपल्याला परकं वाटत नाही. याच गावात 'राज बहादूर' या नावाने एक माणूस जवळपास पन्नास वर्षं राहिला. पिठाच्या चक्कीवर कामाला लागला, पुढे स्वतःचं किराणा दुकान काढलं, इथल्याच मुलीशी लग्न केलं, मुलंबाळं झाली. त्याचं मूळ नाव वांग ची. तो चिनी सैन्यातला सर्वेक्षक होता आणि जानेवारी १९६३ मध्ये, म्हणजे युद्धबंदी होऊन दीड महिना उलटल्यावर, आसामच्या बाजूला भारतीय लष्कराच्या हाती लागला होता.

वांग ची यांचं म्हणणं असं की छावणीतून फिरायला बाहेर पडलो, जंगलात वाट चुकलो, उपाशी आणि दमलेल्या अवस्थेत रेडक्रॉसची गाडी दिसली, मदत मागितली आणि त्या लोकांनी मला भारतीय सैन्याच्या हवाली केलं. सरकारी बाजू वेगळी होती. हा माणूस घुसखोरी करून आला आणि स्वतःबद्दल त्याने खोटी माहिती दिली, असं सरकारचं म्हणणं. दोन्हींपैकी खरं काय, हे आज ठरवता येणार नाही आणि युद्धकैद्यांवरच्या लेखांच्या या पुस्तकासाठी ते ठरवण्याची गरजही नाही. महत्त्वाचं हे की तो सहा-सात वर्षं आसाम, अजमेर, दिल्ली, पंजाब अशा तुरुंगांतून फिरला आणि त्या काळात त्याला युद्धकैदी म्हणून परत पाठवण्याची निकड ना दिल्लीला वाटली, ना पेकिंगला. मार्च १९६९ मध्ये न्यायालयाने सोडायला सांगितलं, तेव्हा त्याला सीमेवर नेण्याऐवजी तिरोडीत आणून ठेवलं. तिथून देशाबाहेर जायची परवानगी नव्हती. कैद संपली, पण सुटका झाली नाही.

ऐंशीच्या दशकात घरच्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला. २००२ मध्ये चाळीस वर्षांनी फोनवर आईचा आवाज ऐकला. २००६ मध्ये आई गेली. २०१३ मध्ये चीनने पारपत्र दिलं, आणि तरीही प्रवास घडायला २०१७ चा फेब्रुवारी उजाडला. तोही घडला तो एका बातमीमुळे. बीबीसीने त्यांची कहाणी दाखवली, चीनमध्ये लाखो लोकांनी ती पाहिली, मग चिनी दूतावासाचे अधिकारी हलले, भारतीय परराष्ट्र मंत्रालयाने जाऊन परत येण्याची परवानगी दिली आणि सत्तरी ओलांडलेले वांग ची मुलासह शान्शी प्रांतातल्या आपल्या गावी पोहोचले. दोन्ही सरकारांनी या प्रवासाचं श्रेय मोकळेपणाने घेतलं. चोपन्न वर्षांची जबाबदारी मात्र कुणाच्या वाट्याला आली नाही.

वांग ची शत्रूकडचे. त्यांच्याबद्दल आपण कशाला हळहळायचं, असं एखाद्या वाचकाला वाटू शकेल. हळहळावं असा आग्रह नाही. पण त्यांची गोष्ट आधी वाचली म्हणजे आपल्याकडच्या कैद्यांच्या गोष्टी नीट दिसू लागतात, कारण इथे देशभक्तीचा धूर डोळ्यांत जात नाही. दोन सरकारं, एक सैनिक, आणि कुणालाच आठवावंसं न वाटणारं एक युद्ध, एवढंच समोर उरतं.

'नकोसं युद्ध' म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करायला हवं. अमेरिकेत व्हिएतनामच्या वेळी लोक रस्त्यावर आले, तरुणांनी भरतीची कार्डं जाळली. त्या अर्थाने १९६२ चं युद्ध आपल्याकडे अप्रिय नव्हतं. उलट लोकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं. ते नकोसं झालं ते हरल्यावर. सरकारला त्याची चौकशी नको होती, लष्कराला त्याची आठवण नको होती, पुढे पाठ्यपुस्तकांनाही ते दोन ओळींत उरकायचं होतं. अशा युद्धातला कैदी सगळ्यांत गैरसोयीचा. मेलेल्याचं स्मारक बांधता येतं, जखमीला पदक देता येतं. कैदी मात्र परत येतो आणि बोलू लागतो.

विदर्भाला त्या युद्धाने काय दिलं याची एक यादी इथला कुणीही जाणता माणूस सांगेल. सीमेपासून लांब म्हणून साठच्या दशकात भंडाऱ्याला, भद्रावतीला आणि नागपुरात अंबाझरीला दारूगोळ्याचे कारखाने उभे राहिले. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या. कॉलेजच्या पोरांना १९६३ पासून एनसीसीची कवायत सक्तीची झाली. महाराष्ट्राला त्या युद्धाने एक संरक्षणमंत्री दिला. २१ नोव्हेंबर १९६२ ला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत सूत्रं हाती घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण तेव्हापासून अभिमानाने म्हणत आलो आहोत. अभिमान रास्त आहे. खचलेल्या सैन्याला पुन्हा उभं करण्याचं काम त्यांनी खरोखर केलं, आणि १९६५ मध्ये ते दिसलं. पण सह्याद्री धावून पोहोचला तेव्हा हिमालयात जवळपास चार हजार भारतीय सैनिक चिन्यांच्या कैदेत होते, ही गोष्ट त्या वाक्यात बसत नाही, म्हणून ती आपण कधी म्हणत नाही.

सरकारी आकडे असे: १,३८३ मृत, १,६९६ बेपत्ता, ३,९६८ कैदी. मेलेल्यांच्या जवळपास तिप्पट कैदी. सैन्याची काय अवस्था झाली होती हे समजायला आणखी काही वाचायची गरज नाही. उबदार कपडे नाहीत, दारूगोळा नाही, आणि दिल्लीतून आखलेल्या रेषेवर उभं राहण्याचा हुकूम. नामका चू नदीवरच्या सातव्या ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी. २० ऑक्टोबरला हल्ला झाला, काही तासांत ब्रिगेड उद्ध्वस्त झाली, २२ तारखेला दळवी पकडले गेले. सहा महिन्यांहून जास्त काळ ते तिबेटात आणि चीनमध्ये कैदेत होते. चीनने त्या काळात राजकारण मोठ्या सफाईने केलं. ईशान्येत जिंकलेला प्रदेश सोडला, जप्त केलेल्या बंदुका आणि गाड्या साफसूफ करून परत केल्या, आजारी-जखमी कैदी आधी सोडले, आणि उरलेल्यांना विचारधारेचे धडे देऊन मे १९६३ अखेरपर्यंत परत पाठवलं. वरिष्ठ अधिकाऱ्यांना सोडण्याआधी चिनी शहरं फिरवून दाखवली. जगाला दिसावा असा तो सगळा देखावा होता. तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ११८ सांगतं की प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडायचं. चीनने ते उशिरा का होईना, पण आपल्याला खजील करत पाळलं.

आपण काय केलं? ४ मे १९६३ ला दळवी आणि त्यांचे सहकारी दमदमच्या विमानतळावर उतरले. स्वागत रीतसर झालं, पण त्यात ओलावा नव्हता. मग रांचीत त्यांची विचारपूस झाली. त्यात प्रश्न असा होता की तुमचं डोकं चिन्यांनी फिरवलं तर नाही ना? ज्यांना अपुऱ्या साधनांनिशी तिथे धाडलं होतं त्यांनी आता स्वतःची निष्ठा सिद्ध करायची होती. धाडणाऱ्यांना असं काही सिद्ध करावं लागलं नाही. दळवींनी पुढे सैन्य सोडलं आणि १९६९ मध्ये 'हिमालयन ब्लंडर' प्रसिद्ध केलं. त्या पुस्तकातला राग अजून निवलेला नाही. माझ्या मते भारतीय सेनाधिकाऱ्याने लिहिलेलं ते सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे, आणि काही ठिकाणी सर्वांत अन्यायकारकही; नेहरूंना ते जराही सूट देत नाही. पण ते कैद भोगलेल्या माणसाने लिहिलं आहे हे लक्षात ठेवून वाचावं. विचार करायला त्याला सहा महिने दुसरं काही काम नव्हतं.

संसदेत या सगळ्याचं काय झालं? चव्हाणांच्या संमतीने लष्करप्रमुखांनी चौकशी नेमली. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन सेनाधिकाऱ्यांनी अहवाल दिला. २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी लोकसभेत त्याचा गोषवारा मांडला. प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्व, हेरगिरी या सदरांखाली काय उणं पडलं ते सांगितलं. अहवाल मात्र मांडला नाही. तो आजवर कुठल्याही सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा बराचसा भाग जगासमोर ठेवला. विरोधात असताना तो खुला करा म्हणणाऱ्यांनीही सत्तेत आल्यावर तो बंदच ठेवला. चव्हाणांबद्दल आदर असूनही म्हणावंसं वाटतं की त्यांनी त्या दिवशी सैन्याला वाचवलं आणि प्रश्नाला पुरलं. दुसरं काय करता आलं असतं, असंही कुणी विचारील. चिनी फौज सीमेवर असताना स्वतःच्या सेनापतींची लक्तरं वेशीवर टांगणं कुठल्या संरक्षणमंत्र्याला परवडलं असतं? हे उत्तर मला १९६३ साठी पटतं. त्यानंतरच्या साठ वर्षांसाठी पटत नाही.

इथे एक योगायोग नोंदवायला हवा. वांग ची पकडले गेले तेव्हा संरक्षणमंत्री चव्हाण होते. १९६९ च्या मार्चमध्ये न्यायालयाने त्यांना सोडायला सांगितलं तेव्हा गृहमंत्रीही चव्हाणच होते. त्या एका फायलीवर त्यांची नजर कधी गेली असेल असं मला वाटत नाही. देशाच्या गृहमंत्र्यापुढे त्या वर्षी याहून मोठे प्रश्न होते. पण नकोशा युद्धाचा कैदी राजकारणात किती खाली जाऊन पडतो, ते यावरून मोजता येतं. चांगला, जाणता, माणसांची कदर असलेला राज्यकर्ता वर बसलेला असतानाही त्याच्यापर्यंत काही पोहोचत नाही, कारण पोहोचवणाऱ्या कुणालाच त्यात फायदा नसतो.

मग जिंकलेल्या युद्धात काय होतं? १९७१ ची कहाणी आपण ९३,००० पाकिस्तानी कैद्यांच्या आकड्याने सांगतो. त्या आकड्याच्या सावलीत आपले सहाशेहून अधिक कैदी पाकिस्तानात बसले होते. युद्ध १६ डिसेंबरला संपलं, सिमला करार २ जुलै १९७२ ला झाला, आणि तरीही ते सुटले नाहीत. आपल्या हातातला मोठा हुकमाचा पत्ता आपल्याला राखायचा होता आणि पाकिस्तानला आपला छोटा. रावळपिंडीच्या छावणीतल्या दिलीप परुळकर या मराठी वैमानिकाने वाट पाहायचं नाकारलं. १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री दोघा साथीदारांसह भिंत फोडून ते पळाले आणि अफगाण सीमेजवळ, लंडी कोटलला पकडले गेले. त्यांच्या धाडसाची गोष्ट मराठीत आवडीने सांगितली जाते. पण युद्ध संपून आठ महिने झाल्यावर एखाद्या कैद्यावर भिंत फोडायची वेळ का यावी, हा प्रश्न त्या गोष्टीत कुणी घालत नाही. भारतीय कैदी अखेर १ डिसेंबर १९७२ ला परतले.

आणि काही परतलेच नाहीत. 'मिसिंग ५४' या नावाने ओळखली जाणारी यादी पुढे लांबत गेली. तिच्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे नाव आहे. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पाकिस्तानात पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं देणाऱ्या पाकिस्तानी वृत्तपत्रात त्यांच्याशी जुळणारं नाव छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. त्यानंतर त्यांनी दारं ठोठावली ती अर्धशतक. १९७९ मध्ये लोकसभेत पाकिस्तानच्या तुरुंगांत असलेल्या जवानांची नावं एका उत्तरात दिली गेली, म्हणजे सरकारला ती माहीत होती. १९८३ मध्ये नातेवाईक पाकिस्तानात जाऊन आले, २००७ मध्ये पुन्हा गेले. हाती काही लागलं नाही. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडे कुणी नाही. भारत सरकारने कधी त्यांना कैदी म्हटलं, कधी मृत मानलं. ९३,००० परत देताना ५४ मागून घेता आले असते का, याचं उत्तर देण्याची जोखीम कुठल्याच पक्षाने घेतली नाही. १९७१ चा विजय ज्यांचा त्यांना तो डागाळायचा नव्हता, आणि इतरांनाही त्यात वाटा हवा होता.

श्रीलंकेतली मोहीम हे आपलं खऱ्या अर्थाने अप्रिय युद्ध. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी एकोणतीस मारले गेले, एक जण तामिळ वाघांच्या (एलटीटीईच्या) कैदेत गेला. किती वाचकांना हे माहीत आहे? मार्च १९९० मध्ये शांतिसेनेची शेवटची तुकडी मद्रासच्या धक्क्याला लागली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. सैन्य पाठवणारं सरकार तोवर पडलं होतं आणि परत बोलावणाऱ्या सरकारला त्या युद्धाशी संबंध नको होता. या पुस्तकात त्या मोहिमेवर यावं तितकं आलेलं नाही. ही उणीव संपादकांना मान्य आहे, मलाही ती खटकते.

कारगिलपासून काळ बदलला. टीव्ही घराघरांत होता. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पाकिस्तानच्या कैदेतून आठवडाभरात परत आले. २०१९ मध्ये वैमानिक अभिनंदन वर्धमान पकडले गेल्यापासून तिसऱ्या दिवशी वाघा सीमेवर उभे होते. पुढे त्यांच्यासारख्या मिशांची ठेवण देशभरच्या न्हाव्यांच्या दुकानांत मागितली जात होती. याला प्रगती म्हणावी की नुसता गाजावाजा? मला वाटतं, थोडं दोन्ही. कॅमेऱ्यासमोरचा कैदी मारून टाकणं अवघड होतं, हे चांगलंच झालं. पण मग ज्याच्यावर कॅमेरा नाही त्याचं काय, हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचं उत्तर आपल्या खानदेशात आहे. २९ सप्टेंबर २०१६. लष्कराने सर्जिकल स्ट्राइकची घोषणा केली, देशभर फटाके वाजले, आणि त्याच दिवशी राष्ट्रीय रायफल्सच्या ३७ व्या तुकडीतला धुळे तालुक्यातल्या बोरविहीरचा बाविशीतला जवान चंदू चव्हाण नियंत्रण रेषेपलीकडे गेला आणि पकडला गेला. बातमी ऐकून त्यांना लहानाचं मोठं करणारी आजी धक्क्याने वारली. लष्कराने लगेच सांगितलं की जवान चुकून पलीकडे गेला, कारवाईशी त्याचा संबंध नाही. पाकिस्तानचं म्हणणं की वरिष्ठांच्या वागणुकीला कंटाळून तो स्वतःच आला. गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी सर्व प्रयत्न करू असा शब्द दिला. संरक्षणमंत्री होते मराठी जाणणारे मनोहर पर्रीकर. आणि राज्यमंत्री सुभाष भामरे तर धुळ्याचेच खासदार. चंदू यांच्या घरच्यांच्या दृष्टीने याहून अनुकूल मंत्रालय मिळणं कठीण होतं. आणि तसं ते उपयोगीही पडलं. लष्करी कारवाई महासंचालकांच्या पातळीवर बोलणी होत राहिली आणि २१ जानेवारी २०१७ ला वाघा सीमेवर त्यांना सोडलं गेलं. चार महिने. नचिकेता आणि अभिनंदन यांच्या मानाने फार, दळवींच्या मानाने कमी.

पण गोष्ट सुटकेपाशी संपत नाही, हेच या पुस्तकाचं म्हणणं आहे. मार्चमध्ये चंदू गावी आले, हार-तुरे झाले, छायाचित्रं निघाली. मग चौकशी झाली, लष्करी न्यायालय बसलं आणि परवानगीविना शस्त्रासह तळ सोडल्याबद्दल ८९ दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली. २०१९ मध्ये त्यांनी छळ होत असल्याचा जाहीर आरोप करत राजीनाम्याची भाषा केली. तोवर छायाचित्रांतली माणसं पुढच्या कामाला लागली होती. शिक्षा चुकीची होती असं मला म्हणायचं नाही. शस्त्र घेऊन चौकी सोडणारा जवान लष्कराला खपवून घेता येत नाही, आणि घेऊही नये. पण एकाच माणसाला आपण पाहिलं ते आधी देशाचा लेक म्हणून, मग सरकारच्या यशाचा पुरावा म्हणून, आणि शेवटी शिस्तभंगाचं प्रकरण म्हणून. आणि प्रत्येक वेळी बोलणारं कुणी दुसरंच होतं. चंदू स्वतः बोलू लागले तेव्हा ऐकणारे उरले नव्हते.

अमेरिकेत हेच फार मोठ्या पडद्यावर घडलं. बो बर्गडाल हा आयडाहोचा सैनिक ३० जून २००९ ला अफगाणिस्तानातली आपली चौकी सोडून गेला, तालिबानच्या हाती लागला, पाच वर्षं कैदेत राहिला. ३१ मे २०१४ ला पाच तालिबानी कैद्यांच्या बदल्यात ओबामांनी त्याला सोडवलं आणि त्याच्या आईवडिलांना शेजारी घेऊन व्हाइट हाउसच्या बागेत तशी घोषणा केली. दोन दिवसांत वारं फिरलं. त्याच्या तुकडीतले सैनिक बोलू लागले, विरोधकांनी अदलाबदलीचा हिशोब मागितला, आणि पुढे ट्रम्प यांनी प्रचारसभांतून त्याला उघड गद्दार म्हटलं. २०१७ मध्ये लष्करी न्यायाधीशाने तुरुंगवास न देता त्याला बडतर्फ केलं. तो सुटला तेव्हा बारा वर्षांहून जास्त चाललेल्या त्या युद्धाला अमेरिका विटली होती. युद्ध चुकलं की नाही यावर बोलणं अवघड, म्हणून सगळे एका सैनिकावर बोलले. धुळे आणि आयडाहो यांच्यात साम्य शोधताना ताणायला नको. आपल्याकडे युद्ध लोकप्रिय होतं, म्हणूनच चंदू यांना मोर्चे, शिव्या आणि धमक्या सोसाव्या लागल्या नाहीत. त्यांच्या वाट्याला विसर आला.

नागपूरकर वाचकाला इथे कुलभूषण जाधव आठवतील, आणि आठवावेत. निवृत्त नौदल अधिकारी. पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने १० एप्रिल २०१७ ला फाशी सुनावली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांची बाजू मांडली ती आपल्या नागपूरच्या साळव्यांच्या हरीशने, एक रुपया शुल्कावर. १७ जुलै २०१९ ला न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी दूतावासाशी संपर्काचा हक्क मान्य केला आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. तो निकाल ऐकून सीताबर्डीत पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही. सुटका मात्र त्या निकालात नव्हती. जाधव रणांगणात पकडले गेले नव्हते, त्यामुळे युद्धकैद्यांची कलमं त्यांना लागत नाहीत आणि या पुस्तकाच्या चौकटीतही ते पुरते बसत नाहीत. तरी त्यांचा उल्लेख करतो, कारण कायद्याच्या बळावर किती मिळवता येतं आणि कुठे राजकारणाचीच गरज लागते, हे त्यांच्या खटल्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

कॅप्टन असो की शिपाई, सगळ्या कैद्यांना एकच माप लावावं, अशी एक गोष्ट आपल्याकडे नेहमी सांगितली जाते. १९६५ मध्ये जनरल करिअप्पांचा वैमानिक मुलगा पाकिस्तानात पकडला गेला तेव्हा अयूब खानांनी त्याला सोडायची तयारी दाखवली, आणि करिअप्पांनी सगळेच माझे मुलगे असं म्हणून ती नाकारली. गोष्ट खरोखर थोर आहे. पण ती सांगून झाल्यावर आपण थांबतो. त्या वेळच्या इतर कैद्यांची नावं कुणी विचारत नाही. वडिलांच्या मोठेपणावर चालणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे. जिनिव्हा करारावर सही केली, १९६० मध्ये त्याचा कायदा केला, तर कैद्याच्या बाबतीत कोण, कधी, कुणाला उत्तर देईल हे कागदावर ठरलं पाहिजे. संसदेला दर वर्षी कैद्यांची आणि बेपत्तांची स्थिती सांगणं कुठल्याही सरकारला अवघड नाही. परतलेल्या सैनिकाची चौकशी किती दिवसांत संपावी आणि तोवर त्याच्या घरी कुणी जावं, हेही ठरवता येतं. या दोन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ.

या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मतांच्या लोकांनी लिहिले आहेत. काहींना सरकार दोषी वाटतं, काहींना लष्कर, एक-दोघांना वर्तमानपत्रं. मी सगळ्यांशी सहमत नाही आणि प्रस्तावना लिहिताना तसं असायची अटही नव्हती. दळवींवरचा लेख आधी वाचावा, चंदू चव्हाणांवरचा त्याच्यानंतर. मधले कुठूनही घेतले तरी चालतील.

शेवटी एक विनंती. कैद्याला घरी कार्ड धाडता येतं, ते रेडक्रॉसमार्फत येतं. विदर्भातल्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या काही घरांत १९६२, १९६५, १९७१ ची अशी कार्डं, तारा, लष्कराची पत्रं ट्रंकेच्या तळाशी असतील. घरातली म्हातारी माणसं गेली की ती रद्दीत जातात. जाऊ देऊ नका. त्यांची नक्कल संपादकांकडे पाठवा, आणि मूळ कागद तुमच्याजवळच ठेवा.